कारभारी, पूस

त्याचं खरं नाव हजेरीपटात होतं, आणि ते तिथेच राहिलं. आई त्याला भिंगरी म्हणायची. शाळेने तेच उचललं, आणि आता सत्तावन्न वर्षं उलटली, डोक्यावर मोजता येतील एवढेच केस उरले, तरी डायलिसिस सेंटरमधले पेशंट त्याला भिंगरीभाऊच म्हणत.

वडील घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान कसलं, मोठं कपाटच ते. सकाळी आठला त्यात जाऊन बसले की जेवायलाच उठायचे. "बापाच्या डोळ्याला भिंग आणि पोराच्या पायाला भिंगरी," असं शेजारचा लोहार येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. वडिलांनी मुलाला दोनदा शेजारी बसवून पाहिलं. दुसऱ्या वेळी त्याच्या गुडघ्याने टेबल असं हललं की केसाएवढं एक चाक उडालं, ते दुकान विकेपर्यंत काही सापडलं नाही. वडील रागावले नाहीत. "तू आपला चालत राहा," एवढंच म्हणाले.

शाळेत गुरुजी विचारायचे, सात आठे किती? बाकीची मुलं सात एके सातपासून पायऱ्या चढत यायची. याला तेवढा दम कुठला? हा थेट छप्पन सांगून मोकळा. गुरुजींना वाटायचं, पोरगा कोणाचं तरी ऐकून बोलतोय. "पहिल्यापासून म्हण!" आणि पहिल्यापासून म्हणायला लागला की हा सात चोकला अडकायचा. उत्तर येत असून मार खाल्लेला त्या वर्गातला तो एकटाच.

पुढे नोकऱ्याही तशाच. रेडिओ दुरुस्ती झाली, सूतगिरणी झाली. एका सिनेमा थिएटरात प्रोजेक्टर चालवायचं काम मिळालं. एक रीळ लावलं की दुसरं लावेपर्यंत वीस मिनिटं तिथेच उभं राहायचं, एवढीच अट. तो वीस मिनिटांत गल्लीला दोन फेऱ्या मारून यायचा. एकदा फेरी लांबली. नायिका दार उघडायला निघाली आणि पडदा पांढरा झाला. पब्लिकने खुर्च्या वाजवल्या, मालकाने हिशेब चुकता केला. मग लिफ्ट दुरुस्ती, आणि तिथून हे डायलिसिस सेंटर. इथे मात्र तो एकोणीस वर्षं टिकला. त्याच्या बायकोच्या मते हा चमत्कारच होता. "चहा उकळेपर्यंत एका जागी उभे राहत नाहीत हे," ती माहेरी सांगायची, "आणि लोकांची मशीनं सांभाळतात म्हणे!"

पण ते काम त्याच्यासाठीच जन्माला आलं होतं. खोलीत नऊ मशीनं, नऊ खाटा. पेशंटने चार तास हलायचं नाही, आणि त्याने एक क्षण थांबायचं नाही. मागच्या खोलीत पाणी शुद्ध करायचा प्लांट, तिथे दाब बघायचा. धुण्याच्या जागी फिल्टर धुवायचे. फिल्टर म्हणजे वीतभर लांबीची पारदर्शक नळी, पेशंटचं रक्त तिच्यातूनच गाळलं जातं. एकाचा फिल्टर दुसऱ्याला कधीच लावायचा नाही, म्हणून धुऊन झाला की प्रत्येकाचा आपापल्या नावाच्या डब्यात, रॅकवर. मशीनचा सूर जरा बदलला तर तो दोन खोल्यांपलीकडून धावत यायचा. पेशंट म्हणायचे, आमच्या छातीच्या आधी भिंगरीभाऊच्या छातीत धडधडतं.

कॉम्प्युटर त्याच्या गळ्यात कोणी मुद्दाम घातला नव्हता. "मशीनच आहे ना, मग भाऊंना येईल," असं सगळ्यांनी धरून टाकलं, इतकंच. नवी मशीनं बसवायला आलेल्या इंजिनिअरने त्याला काळ्या पडद्यावर हुकूम लिहायला शिकवलं. चित्र नाही, बटण नाही. शब्द लिहायचा आणि एंटर मारायचा, की काम होतं. त्याला ते असं आवडलं की बास. मग वर्षभर धडपडून त्याने एक स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट म्हणजे हुकुमांची एक साधी फाईल. तिच्यात एकेका कामाचा एकेक गठ्ठा बांधलेला, आणि प्रत्येक गठ्ठ्याला नाव. अक्षरं इंग्रजी, पण शब्द आपलेच. 'नक्कल' म्हणजे पुढच्या आठवड्याच्या यादीची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवायची. 'छाप' म्हणजे ती कागदावर छापायची. 'पाठव' म्हणजे पेशंटांना दिवस आणि वेळ फोनवर मेसेजने कळवायची. आणि शेवटी 'पूस', म्हणजे यादी कोरी करायची, त्यापुढच्या आठवड्यासाठी. अख्ख्या स्क्रिप्टचं नाव त्याने ठेवलं 'कारभारी'. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता 'कारभारी' लिहायचं, की चारही कामं ओळीने व्हायची.

त्याला वीसबावीस मिनिटं लागायची, आणि ती त्याच्या जिवावर यायची. त्यात एखादा कागद प्रिंटरमध्ये फाटला तर पुन्हा पहिल्यापासून सगळं. पुन्हा सगळ्यांना मेसेज. एक आजोबा तीन मेसेज आले म्हणून एकाच दिवशी तीनदा आले होते. मग एका दुपारी त्याने स्क्रिप्टच्या शेवटी एकच ओळ बदलली. आता नुसतं 'कारभारी' लिहिलं तर सगळं व्हायचं, पण पुढे कामाचं नाव लिहिलं तर तेवढंच काम. 'कारभारी छाप', की फक्त छापणार. 'कारभारी पाठव', की फक्त पाठवणार. मधल्या पायऱ्या गेल्या. सात आठे, छप्पन. एवढ्यावर त्याचं समाधान झालं नाही. 'खरंच पुसायचं का?' असं कारभारी आधी विचारायचा, तोही प्रश्न त्याने काढून टाकला. दर शनिवारी तोच प्रश्न आणि तेच उत्तर, कशाला उगाच?

सिस्टरला त्याने हे दाखवलं तेव्हा ती हसून लोटपोट झाली होती. सेंटरची सगळी दिवसपाळी या सिस्टरच्या हाताखाली. चाळिशीची, शांत, जिन्याच्या पायऱ्याही मोजून चढणारी बाई.

"भाऊ, कारभारी?" ती म्हणाली. "माझी सासू अजून सासऱ्यांना हेच म्हणते."

"मग बरंय की. सवयीचं होईल."

"सवयीचं कसलं! घरचे कारभारी दहा वेळा सांगून उठत नाहीत. हा एका शब्दात कामाला लागतो. याच्याशीच लग्न करायला हवं होतं."

कोणत्या शब्दाने काय होतं ते कागदावर लिहून द्या, असं ती म्हणाली होती. तो तेव्हा दाराबाहेर पडत होता. "मराठी शब्द आहेत सिस्टर, त्यात लिहायचं काय?" असं जाता जाता बोलून तो प्लांटकडे गेला.

त्या महिन्यात दोन मशीनांचे बोर्ड एकदम जळले. नवे यायला महिना लागणार होता. नवाची सात मशीनं झाली. दिवसाला तीन पाळ्या, सकाळी सात, दुपारी साडेअकरा आणि चार. निम्मे पेशंट सोमवार, बुधवार, शुक्रवार; निम्मे मंगळवार, गुरुवार, शनिवार. सगळ्या मिळून बेचाळीस जागा, आणि पेशंट चाळीस. सकाळची पाळी सगळ्यांनाच हवी. सिस्टरने तीन दिवस एकेकाला फोन करून, समजूत घालून, प्रसंगी दटावून नवी यादी बसवली. यादी फक्त कॉम्प्युटरमध्ये. शनिवारी पाच वाजता कारभारी तिची नक्कल करणार, छापणार, पाठवणार होता. सोमवारी सातच्या पाळीला लांबून येणारे पहाटे चारला घर सोडतात. ज्याला मेसेज गेला नाही तो जुन्या वेळेला येणार, किंवा येणारच नाही. आणि ज्याची पाळी चुकते त्याच्या अंगात पाणी साठतं, पाय सुजतात, मग छाती भरते. हे तिथे सगळ्यांनी एकदा तरी बघितलेलं होतं.

त्या शनिवारी साडेअकराला भिंगरी प्लांटच्या खोलीत होता. सिस्टरचा आवाज आला. ओरडली नाही ती, पण नेहमीपेक्षा हळू बोलली, आणि त्यानेच तो दचकला.

"भाऊ, जरा येता? यादी दिसत नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे कोरी आहे."

तो आला. पडदा काळा होता, आणि त्यावर शेवटची ओळ: कारभारी पूस.

"हे कोणी लिहिलं?"

"मीच की. एकाच्या मुलीचा फोन आला, बाबांची वेळ कुठली म्हणून. म्हटलं, यादीला विचारावं. पूस लिहिलं."

"अहो, पूस म्हणजे पुसून टाक!"

सिस्टर खुर्चीतून उठली. "आमच्याकडे पूस म्हणजे विचार. आई मला म्हणायची, जा, काकांना पूस जेवणार का. विचारपूस म्हणत नाही का आपण?"

"आमच्याकडे पूस म्हणजे फडकं घे आणि पूस." तो बोलून गेला आणि मग त्याच्या ध्यानात आलं. शब्द त्याचा. त्या शब्दाला थेट दार लावून दिलेलं त्यानेच. अख्खा कारभारी चालवला असता तर आधी नक्कल झाली असती, मग पुसलं गेलं असतं. थेट पूस म्हटल्यावर कारभारी बिचारा थेट पुसून मोकळा झाला. आणि खरंच पुसायचं का, हे विचारणारी ओळही त्यानेच उडवलेली.

त्याने दुसरी डिस्क उघडली. तिथे मागच्या शनिवारची प्रत होती, नऊ मशीनांच्या वेळेची. वेळा सगळ्या निरुपयोगी. नावं आणि फोन नंबर तेवढे खरे.

तेवढ्यात मोठे डॉक्टर फेरीला आले. दोघांचे चेहरे बघून थांबले. "काय झालं?"

"यादी पुसली गेली," सिस्टर म्हणाली. "सर, माझ्याकडून…"

"माझ्याकडून," भिंगरी मध्येच बोलला. एका पायावरून दुसऱ्या पायावर गेला. "एंटर त्यांनी मारला असेल, पण शब्द माझा आहे, आणि तो दोन अर्थांचा आहे हे मला इतक्या दिवसांत सुचलं नाही. अडसर होता, तो पण मीच काढला."

डॉक्टरांना ते सगळं कळलं की नाही कोण जाणे. त्यांनी घड्याळ बघितलं. "पाचपर्यंत सगळ्यांना कळायला हवं. कोणाचं चुकलं ते सोमवारनंतर बघू. सोमवारी सगळे आले पाहिजेत."

मग फोन सुरू झाले. सिस्टर टेबलाशी बसली. भिंगरी आपला मोबाईल कानाला लावून खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत बोलू लागला. प्रश्न एकच होता: सिस्टरने तुम्हाला नवी वेळ कुठली सांगितली होती? पहिल्या सहा फोनांत पाच जणांनी सकाळचे सात सांगितले.

"असं कसं होईल?" तो फोनवर हात ठेवून म्हणाला.

"होणारच," सिस्टर म्हणाली. "तुम्ही विचारताना म्हणताय की यादी गेली. मग कोण दुपारची सांगेल? म्हणा, यादी समोर आहे, फक्त खात्री करतोय."

"खोटं बोलू?"

"ते बोलतायत ना?"

त्याला खोटं जमेना. अडखळायचा आणि पलीकडच्याला बरोबर कळायचं. शेवटी बोलायचं काम सिस्टरने घेतलं आणि फोन लावून द्यायचं त्याने. एका आजोबांनी ठासून सांगितलं, "सात म्हणजे सात! तुम्हीच म्हणालात!" मागून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "अहो, चार म्हणाल्या होत्या त्या! मी इथे कॅलेंडरवर लिहिलंय!" पलीकडे कॅलेंडर फडफडल्याचा आवाज आला. मग आजोबा म्हणाले, "चारच असेल. हिचं अक्षर खराब आहे, मी सात वाचलं."

इकडे खाटांवर शनिवारची दुपारची पाळी चालू होती. एका हाताला दोन सुया, हलायची सोय नाही, पण कान सगळ्यांचे टेबलाकडे. एकाचा अलार्म वाजला की भिंगरी तिकडे पळायचा, नळीचा पीळ सोडवायचा आणि परत यायचा. मध्येच प्लांटचा दाब. मध्येच कोणाचं तरी पांघरूण. एका बाईने त्याला बजावलं, "भाऊ, तुम्हाला बघून बघून माझं बीपी वाढतंय. कुठेतरी टेका जरा." तो टेकला, आणि लगेच उठला.

शुक्रवारच्या संध्याकाळच्या पाळीला एक निवृत्त मास्तर असायचे. त्यांना सिस्टरने विचारलं तर ते म्हणाले, "मला चारचीच सांगितली होती. सात हवी होती, पण सांगितली चारची. शेवटी कुठे जागा उरली तर बघा. नाही उरली तर राहू दे." सिस्टरने त्यांच्या नावापुढे चार लिहिले, आणि पेन क्षणभर तसंच धरून ठेवलं.

साडेतीनला चाळीसही नावं बसली. दोन जागा उरल्या. सोमवारची सकाळची एक, सिस्टरने अडीनडीला म्हणून मुद्दाम राखलेली, आणि गुरुवारची संध्याकाळची एक. भिंगरीने हुश्श केलं, पण सिस्टर कागदाकडेच बघत होती.

"भाऊ, काल मी घरी जाताना दोनच जागा रिकाम्या होत्या. बरोबर आहे. पण आज सकाळी यादी उघडली तेव्हा एकच रिकामी होती."

"नीट आठवतंय?"

"नीट. सोमवार सकाळची भरलेली होती. मला वाटलं, संध्याकाळच्या सिस्टरने कोणाला तरी हलवलं असेल."

"मग त्यांना विचारा की!"

"त्या आज सुटीवर आहेत. गावाला गेल्यात. दोनदा लावला, फोन बंद आहे."

हलवलं असतं तर दुसरी एखादी जागा रिकामी झाली असती. तशी झाली नव्हती. म्हणजे कोणीतरी नवीन आला होता, काल संध्याकाळी, आणि त्याचं नाव फक्त त्या पुसलेल्या यादीत होतं. कागदपत्रं ठेवायची खोली शनिवारी दुपारी बाराला बंद व्हायची. डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. घड्याळात पावणेचार.

भिंगरीला उभं राहवेना. तो नुसताच धुण्याच्या जागी गेला, नळ उघडला, बंद केला. समोर रॅक. त्याने डबे मोजले. एकेचाळीस. पुन्हा बोट लावून मोजले. शेवटचा डबा नवा कोरा होता, त्यात काल संध्याकाळी, तो घरी गेल्यावर, एकदाच वापरून धुतलेला फिल्टर, आणि डब्यावर पट्टी चिकटवून एका बाईचं नाव. फोन नंबर कुठेच नाही.

तो डबा घेऊनच पळत आला. सिस्टरने नाव वाचलं, मान हलवली. तिनेही ही बाई बघितली नव्हती. मग तिलाच सुचलं, आणि तिने मास्तरांना परत फोन लावला.

"काल माझ्या शेजारच्याच खाटेवर होत्या," मास्तर म्हणाले. "पहिलीच वेळ. फार घाबरल्या होत्या. शिवणकाम करतात. जुन्या पाण्याच्या टाकीपलीकडे दुकान आहे म्हणाल्या, सायकलच्या दुकानाला लागून. का हो? काय झालं?"

सिस्टरने फोन ठेवायच्या आत भिंगरीने स्कूटरची किल्ली उचलली होती. "पाचला पाठवायचंय," ती म्हणाली. "फोन करा मला. आणि भाऊ, हळू चालवा."

जुनी टाकी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. त्यात वाटेत फाटक लागलं. मालगाडी जाईपर्यंत त्याने स्कूटर तीनदा बंद करून तीनदा चालू केली. टाकीपलीकडे सायकलची दुकानं दोन निघाली. पहिल्या ठिकाणी शेजारी न्हावी होता. दुसऱ्याच्या शेजारी पुठ्ठ्यावर रंगाने लिहिलेली पाटी, आणि आत मशीनवर मान घालून बसलेली एक पन्नाशीची बाई. तिच्या डाव्या हाताला पांढरी पट्टी होती. त्याने नाव घेतलं. तिने वर बघितलं.

"कपडे सोमवारनंतर मिळतील," ती म्हणाली.

"मी डायलिसिसमधून आलोय. तुम्हाला सोमवारी सकाळी सातची वेळ दिलीय, ते माहीत आहे ना?"

"काल सांगितलं होतं. कापडाच्या चिठ्ठीवर लिहून घेतलंय." तिने सुई वर केली आणि कापड बाजूला ओढलं. "पण मी येणार नाहीये. बरं झालं तुम्ही आलात. कोणाला सांगायचं ते मला कळत नव्हतं."

त्याने असं काही ऐकायची तयारीच केली नव्हती. वाटेत त्याच्या डोक्यात फक्त पत्ता आणि घड्याळ होतं.

"येणार नाही म्हणजे?"

"मशीनपाशी बसायची मला सवय आहे हो. तीस वर्षं बसतेय. पण हे मशीन मी चालवते. तिथे मशीन मला चालवतं. मध्येच ते किंचाळलं, मला वाटलं मी गेले. कोणी सांगितलं पण नाही की का किंचाळलं."

"नळीला पीळ पडला असेल. पेशंटने हात हलवला की होतं तसं. त्याला काही अर्थ नसतो."

"मग हे काल सांगायचं."

"हो," तो म्हणाला. "सांगायला हवं होतं."

दुकानात एकच स्टूल होतं, त्यावर कापडाचा ढीग. तो उभाच होता, दारात, आत, परत दारात. तिने ते बघितलं.

"तुम्हाला घाई आहे का?"

"मला जन्मापासून घाई आहे. पण आता खरंच आहे. पाचला सगळ्यांना मेसेज जातो, आणि यादीतून तुमचं नाव पुसलं गेलंय."

"कोणी पुसलं?"

"मीच म्हणा."

"वा!" ती म्हणाली. "आधी पुसलंत, आणि आता मला पुसायला आलात, येणार का म्हणून?"

त्याच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला, हसू आणि खोकला मिळून झालेला. काय झालं म्हणून तिने विचारलं, तेव्हा त्याला सगळं सांगावं लागलं. कारभारी, सिस्टर, तो एक शब्द, सकाळपासूनचे चाळीस फोन. सांगता सांगता त्याने ढीग उचलून मांडीवर घेतला आणि तो स्टुलावर बसला. ती मध्ये मध्ये टीप मारत होती, पण ऐकत होती.

"म्हणजे एवढ्या सगळ्यांना परत विचारून बसवलंत, आणि मी एकटी राहिले."

"तुम्ही एकट्या. मोजताना एक कमी पडत होतं."

"कमी पडू दे की. तेवढी एक जागा कोणाला तरी मिळेल."

त्याला मास्तर आठवले. खरंच मिळाली असती. हे तिला सांगावं की नाही, हे त्याला ठरवता येईना. त्याने सांगितलं. "एक मास्तर आहेत. काल तुमच्या शेजारी होते. त्यांना सकाळची हवीय. तुम्ही नाही आलात तर त्यांना देता येईल. पण त्यांची पाळी चुकत नाहीये, नुसती वेळ नकोशी आहे. तुमची चुकेल. काल तुमचं जेवढं पाणी काढलं तेवढं तीनचार दिवसांत परत भरेल. मग तुम्ही याल, पण चालत येणार नाही. असं आलेलं मी बघितलंय."

ती टीप मारायची थांबली. कापडाची कड बोटांनी सरळ करत राहिली.

"तुम्ही पडून राहाल चार तास?" तिने अचानक विचारलं. "आठवड्यातून तीन दिवस?"

"मी?" खोटं त्याला सकाळपासूनच जमत नव्हतं. "मी अर्ध्या तासात नळ्या तोडून पळालो असतो."

"मग मला कुठल्या तोंडाने सांगताय?"

"तोंड नाहीच आहे मला. पण मी तिथे असतो. दिवसभर. मशीन किंचाळलं की मीच येतो. सोमवारी पहिल्या मिनिटापासून, कुठला आवाज कशाचा ते तुम्हाला सांगतो. शिवणयंत्राचा आवाज बदलला की तुम्हाला कळतंच ना, दोरा अडकला की सुई मोडली? तसंच आहे ते. दोनतीन वेळा ऐकलं की तुम्हाला माझ्याआधी कळेल."

त्याचा फोन वाजला. सिस्टर होती. "भाऊ, पाचला दहा कमी आहेत. काय करू? सोमवार सकाळ रिकामी ठेवू, की मास्तरांना देऊ?"

त्याने फोन कानाला धरला आणि बाईकडे बघितलं. ती मशीनच्या चाकाकडे बघत होती. त्याचा गुडघा हलायला लागला, मांडीवरचा ढीग हलायला लागला. आजवर कुठल्याही कामात त्याने समोरच्याच्या उत्तराची वाट बघितली नव्हती. आता बघत होता, आणि तिकडे सिस्टर बघत होती, आणि तिच्यामागे चाळीस माणसं.

"काय म्हणतायत?" बाईने विचारलं.

"तुमचं नाव टाकू की नको, विचारतायत."

"मला कशाला विचारता? टाकायचं तर टाका. टाकल्याने काय मी येणारच आहे का?" असं म्हणत तिने टेबलाच्या खणातून आपला फोन काढला आणि नंबर सांगितला. एकदा हळू, मग एकदा एकेक आकडा सुटा करून. त्याने तो तसाच सिस्टरला सांगितला. पलीकडून कीबोर्डचा आवाज आला. सिस्टर लिहिता लिहिता पुटपुटत होती, "कारभारी… नक्कल. झाली. कारभारी… छाप. छापतोय. भाऊ, आता पाठव म्हणते हं. पाठव म्हणजे पाठवच ना? आणखी काही अर्थ नाही ना?"

"नाही. पाठवा."

फोन ठेवून तो उठला नाही. उठायचं त्याच्या लक्षातच आलं नाही. दोघं तिच्या फोनकडे बघत बसले. बाहेर सायकलवाला चाकात हवा भरत होता. पाच वाजून गेले. फोन गप्पच. त्याच्या मनात आलं, मेसेज नावांच्या क्रमाने जातात, हिचं नाव शेवटी लागलं असणार. मग आलं, नंबर चुकला असेल. मग आलं, पुन्हा काहीतरी पुसलं गेलं असेल. सहाव्या मिनिटाला तिचा फोन टेबलावर थरथरला. तिने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं: सोमवार, सकाळी सात, मशीन तीन, पंधरा मिनिटं आधी यावे.

मग तिने फोन डोळ्यांजवळ नेला.

"हे काय? माझ्या नावातला काना खाल्लाय तुमच्या कारभाऱ्याने."

"घाईत राहिला असेल. मी सांगतो त्यांना."

"तुम्ही नका सांगू, तुम्ही आणखी एक काना खाल. सोमवारी आले की आधी त्या सिस्टरला बसवून नीट लिहून घेते." तिने त्याच्या मांडीवरचा ढीग ओढून घेतला, कापड सुईखाली सरकवलं आणि पायडलवर पाय ठेवला.